पटावरचे साप आणि संयमाचा सराव

अमली पदार्थांविषयी मुलांना सावध करण्यासाठी खेळाचा उपयोग करावा, ही कल्पना शाळांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या कामात आता चांगलीच रुळली आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२० रोजी देशातील २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू केले; २६ जूनचा जागतिक अमली पदार्थविरोधी दिन तर त्याआधीपासूनच पाळला जात होता. अशा निमित्तांनी घोषणा, शपथा आणि चित्रकला स्पर्धांच्या जोडीला प्रश्नमंजूषा, पत्त्यांचे जोड, मोबाइलवरचे खेळ आणि नव्याने रंगवलेले सापशिडीचे पटही वर्गात येतात. या पटावर गुटखा, दारू, गांजा आणि पंक्चरचे सोल्युशन यांचे साप असतात, तर अभ्यास, व्यायाम आणि चांगली संगत यांच्या शिड्या असतात. मूल फासा टाकते, सापाच्या तोंडी पडते, खाली घसरते, हसते आणि पुन्हा फासा टाकते. या उपक्रमाचे मोल ठरवताना बहुधा एवढेच पाहिले जाते की मुलांना मजा आली काय आणि माहिती लक्षात राहिली काय. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र निराळा आणि बराच जुना आहे: संयम ही खेळातून शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे काय, आणि असेल तर खेळातला नेमका कोणता भाग ती शिकवतो?

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील जऊळक्यासारख्या गावाच्या संदर्भात तपासणे सोयीचे आहे, कारण व्यसनाविषयी बोलणाऱ्या अनेक मराठी धर्मपरंपरा या गावाच्या भोवतालच्या मुलखात एकमेकींना लागून उभ्या आहेत. अकोला-पूर्णा लोहमार्गावर स्थानक असल्यामुळे हे गाव ‘जऊळका रेल्वे’ या नावाने ओळखले जाते. याच तालुक्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र असून दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन्ही जैन संप्रदाय त्याला पवित्र मानतात; जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, जिथे सेवालाल महाराजांची समाधी आहे; शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी पातूर, मेडशी, शिरपूर, रिसोड या वाटेने जाते; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा, ज्यांत मद्यपान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे, वऱ्हाडातल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत आजही म्हटल्या जातात. म्हणजे जऊळक्यातल्या मुलाला व्यसन वाईट असते हे कळावे यासाठी नवा पट मुळीच लागत नाही. ते त्याला घरी, देवळात, विहारात आणि तांड्यावर कळलेलेच असते.

सापशिडीला नैतिक शिक्षणाचे साधन करण्यात नवे काही नाही, कारण हा खेळ जन्मतःच तसा होता. महाराष्ट्रात त्याला मोक्षपट म्हणत. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले जाते; तेराव्या शतकातला समकालीन पुरावा त्याला नाही आणि उपलब्ध पट बऱ्याच नंतरच्या काळातले, मुख्यतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपटांचा माग काढला, तर डॅनिश संशोधक याकोब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातल्या अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठात २०१९ साली प्रबंध सादर केला. उत्तर भारतात आणि गुजरात-राजस्थानात याच खेळाला ज्ञानचौपड किंवा ज्ञानबाजी म्हणत. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे असत आणि जैन पटांत ८४. पर्युषण पर्वात, म्हणजे जैनांच्या उपवास व आत्मपरीक्षणाच्या दिवसांत, जैन कुटुंबांत तो खेळला जाई.

खेळण्याची रीत अशी, की कापडावर किंवा कागदावर रंगवलेला पट मध्ये पसरावयाचा, कवड्या हातात घोळवून टाकावयाच्या आणि जितक्या उताण्या पडतील तितकी घरे सोंगटी पुढे न्यावयाची. प्रत्येक घरात एखादी अवस्था, गुण, दोष किंवा लोक यांचे नाव लिहिलेले असे, आणि ते वाचल्याशिवाय डाव पुढे सरकत नसे. मराठी पटावर जन्मापासून सुरू होणारी वाट मोक्षाला किंवा वैकुंठाला जाई. सत्संग, दया, सद्बुद्धी या शिड्या असत, तर काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे षड्रिपू, म्हणजे माणसाच्या आतले सहा शत्रू, सापांच्या रूपाने वेटोळे घालून बसलेले असत. सर्वांत दुष्ट साप बहुधा शेवटच्या घरांच्या आसपास असे. जो जवळजवळ पोचला आहे त्याचाच अहंकार त्याला सर्वांत खाली नेतो, हे त्यातून सुचवले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे प्रथम आळस, उधळेपणा असे दोष सापांना चिकटवण्यात आले आणि पुढे तेही गळून नुसते आकडे उरले. आकड्यांचा तो पट आपल्याकडे परत आला, आणि आता त्यावर पुन्हा दोषांची नावे लिहिली जात आहेत.

परंतु येथे एक अडचण उभी राहते आणि ती वरवरची नाही. मोक्षपटात खेळाडू काहीही ठरवत नाही. कोणत्या घरात जायचे हे कवड्या ठरवतात. क्रोधाच्या घरात गेलेला खेळाडू रागावलेला नसतो आणि दयेच्या शिडीवरून चढणाऱ्याने कोणावर दया केलेली नसते. नीतिशास्त्राचा पहिला धडा असा आहे, की ज्या कृतीत कर्त्याला निवड नाही ती ना पुण्य ना पाप. मग निवडीला जागाच नसलेला खेळ नीती कशी शिकवणार? या आक्षेपाला जुन्या समाजाजवळ उत्तर होते. कवडीचे दान हे नुसते दैव नसून प्रारब्ध आहे, म्हणजे पूर्वी केलेल्या कर्माचे आज फळाला आलेले रूप आहे, असे मानणाऱ्या खेळाडूला पटावरची घसरण अन्यायाची वाटत नसे. तो निर्णय शिकत नव्हता, तर कोणत्या वृत्तीच्या पोटी कोणती गती आहे याचा नकाशा पाहत होता. तो पट केवळ मुलांचा नव्हता, पर्वकाळाचा होता, आणि त्याच्या भोवती कीर्तन, व्रत आणि उपवास यांची चौकट होती. पट एकटा काही शिकवत नसे.

ही चौकट काढून घेतली आणि मोहाच्या जागी गुटखा लिहिला, की त्याच पटाचा उपदेश उलटा होतो. सहावीतल्या मुलाच्या हाती आलेली सापशिडी त्याला शिकवते, की व्यसन लागणे हा फाशाचा खेळ आहे, ज्याला लागायचे त्याला लागते. की घसरण म्हणजे काही घरांचे नुकसान असून पुढच्या फेरीत ते भरून काढता येते. आणि हेही, की दारूच्या घरात पडलेला मित्र चेष्टेचा विषय आहे, कारण तो मागे पडल्यानेच आपण पुढे जातो. घरांत काय लिहिले आहे याच्याशी या तिन्ही गोष्टींचा संबंध नाही. त्या नियमात आहेत. खेळ शिकवतो ते त्याच्या चित्रांतून नव्हे तर त्याच्या नियमांतून, कारण चित्र डोळ्यांपुढून जाते आणि नियम हाताला पुन्हा पुन्हा पाळावा लागतो.

फाशावर शास्त्रकारांचा असलेला राग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त हे व्यसनाधीनतेचे बहुधा सर्वांत जुने भारतीय चित्र असून ते मद्यप्याचे नव्हे, जुगाऱ्याचे आहे. त्यातला जुगारी पुन्हा न खेळण्याचा निश्चय करतो, सोबत्यांच्या मागे राहतो, आणि फासे पटावर पडल्याचा आवाज कानी येताच त्याच वाटेला लागतो. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करणारी, कर्जामुळे रात्री दुसऱ्यांच्या दाराशी जाणारा हा माणूस शेवटी जो सल्ला ऐकतो तो फासे टाकून शेत नांगरण्याचा आहे. आजच्या व्यसनमुक्ती केंद्रांत ज्याला तलफ आणि तिला चाळवणारी खूण म्हणतात, ती त्या सूक्तात जशीच्या तशी आहे. जैन परंपरेतल्या सप्तव्यसनांत, म्हणजे श्रावकाने टाळावयाच्या सात सवयींत, मद्यासोबतच द्यूत येते. मनुस्मृतीने आणि कौटिल्याने कामातून उपजणाऱ्या व्यसनांत मद्यपान, द्यूत, स्त्री आणि शिकार ही चार सर्वांत घातक ठरवली. पाली वाङ्मयातल्या ब्रह्मजाल सुत्तात बुद्ध कोणकोणत्या खेळांपासून दूर राहतात याची यादीच असून तिच्या आरंभीच आठ आणि दहा घरांच्या ओळींचे पट आहेत. दुसरीकडे भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण आपल्या विभूती सांगताना फसवणूक करणाऱ्यांतल्या द्यूताचीही गणना करतो, ज्यावर भाष्यकारांना बरीच कसरत करावी लागली. सारांश, ज्या परंपरेने फाशाला व्यसन मानले तिनेच फाशावर चालणारा मोक्षपट घडवला. खेळ हे दोष लावण्याचेही साधन आहे आणि काढण्याचेही, हे तिला ठाऊक होते; म्हणूनच मोक्षपटावर पैसा लावला जात नसे.

खेळाच्या नियमाचे सामर्थ्य किती असते, याचा एक चांगला अभ्यासलेला दाखला अमेरिकेत सापडतो, आणि गंमत अशी की त्या खेळात अमली पदार्थांचे नावही नाही. कॅन्सस राज्यातल्या चौथीच्या एका वर्गात दंगा फार होई. बॅरिश, सॉन्डर्स आणि वूल्फ या तिघांनी तिथे एक साधा खेळ योजून १९६९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याला चांगल्या वागणुकीचा खेळ असे म्हणतात. वर्गाचे गट पाडावयाचे, जागा सोडून उठणे, मध्येच बोलणे असे मोजके नियम सर्वांना सांगावयाचे, आणि कोणी नियम मोडला की फळ्यावर त्याच्या गटापुढे एक खूण करावयाची. ठरलेल्या खुणांच्या आत राहिलेला प्रत्येक गट जिंकतो, त्यामुळे सगळे गटही जिंकू शकतात. पुढे १९८५-८६ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या पहिलीच्या वर्गांत शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पद्धतशीरपणे वापरला. आरंभी आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटे, मग हळूहळू अधिक वेळ, मग न सांगता कोणत्याही तासाला, आणि बक्षीसही प्रथम लगेच व पुढे उशिरा, असा तो क्रम होता. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांची पाहणी केली तेव्हा, विशेषतः पहिलीत आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, अमली पदार्थांच्या विकाराचे प्रमाण हा खेळ न खेळलेल्या मुलग्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळले. मुलींमध्ये असा ठळक फरक दिसला नाही.

याच्या शेजारी दुसरा दाखला ठेवावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली पोलिसांनी शाळेत जाऊन अमली पदार्थांची माहिती देण्याचा ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला, तो देशभर पसरला, पालकांना आणि पुढाऱ्यांना अतिशय आवडला, आणि १९९० च्या दशकात त्याची कसोशीने तपासणी झाली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष सेवनावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे निष्पन्न झाले. पुढे त्याचा अभ्यासक्रमच बदलावा लागला. एका कार्यक्रमाने पदार्थाविषयी सर्व काही सांगितले आणि फारसे साधले नाही. दुसऱ्याने पदार्थाविषयी अवाक्षर काढले नाही, केवळ सहा-सात वर्षांच्या मुलांकडून आवेग आवरून धरण्याचा वारंवार थोडा सराव करून घेतला, आणि त्याचे फळ तेरा-चौदा वर्षांनी दिसले.

हा निष्कर्ष पाश्चात्त्य मानसशास्त्राचा म्हणून जऊळक्यात उपरा वाटण्याचे कारण नाही. मन आवरणे कठीण आहे या अर्जुनाच्या तक्रारीवर गीतेच्या सहाव्या अध्यायात दिलेले उत्तर अभ्यास आणि वैराग्य असे दुहेरी आहे, आणि त्यातला अभ्यास म्हणजे पाठांतर नव्हे, तर तीच कृती निष्ठेने पुन्हा पुन्हा करणे. बौद्धांच्या पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे ते प्रमादाचे, म्हणजे सावधपणा सुटण्याचे, ठिकाण म्हणून. दोष पदार्थापेक्षा निसटणाऱ्या सावधपणात आहे, आणि सावधपणा ही माहिती नसून सवय आहे. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळही याच तत्त्वावर काम करते. माळ घातली की मांस आणि मद्य वर्ज्य, हा नियम सगळ्या गावाला माहीत असतो, त्यामुळे कोणी आग्रह करीत नाही आणि केलाच तर नाही म्हणण्याला कारण शोधावे लागत नाही. नाही म्हणण्याचा भार एकट्याच्या इच्छाशक्तीवरून उचलून समूहाच्या नियमावर ठेवणे, हे माळेचे कार्य आहे; फळ्यावरच्या खुणांच्या खेळात गट जे करतो तेच.

वऱ्हाडाने या बाबतीत एक थोर शिक्षक पाहिला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज दारूच्या व्यसनापायी वडील गमावलेल्या घरातले होते, आणि त्यांचे कीर्तन निरूपणाचे नसून प्रश्नोत्तरांचे असे. ते विचारत, जमाव एकमुखाने उत्तर देई, पुढचा प्रश्न त्या उत्तराला धरून येई, आणि काही वेळाने जमावाच्या लक्षात येई की दारू, कर्ज आणि नवसाचा बकरा यांविरुद्धचा निवाडा आपण आपल्याच तोंडाने दिला आहे. याला खेळ म्हणण्यात अनादर नाही. नियम आहेत, पाळी आहे, चुरस आहे, हशा आहे. आणि मुख्य म्हणजे उत्तर देणे ही खेळाडूची स्वतःची कृती आहे.

तथापि धर्मपरंपरेचा आधार घेऊन मुलांशी व्यसनाविषयी बोलणाऱ्याला एक अवघड प्रश्न टाळता येत नाही, आणि बहुतेक शैक्षणिक खेळ तो टाळतातच. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजानन विजय’ या ग्रंथात गजानन महाराजांच्या चिलमीचे प्रसंग आहेत. हातात चिलीम घेतलेल्या साधूंची छायाचित्रे घरोघरी आहेत. शिवरात्रीला भांग नैवेद्याला चालते, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही गांजाच्या व्याख्येतून फुलोरा नसलेली पाने वगळून भांगेला वाट ठेवली आहे. गांजा हा काही परक्याने आणलेला पदार्थ नव्हे. भारतीय भांगविषयक आयोगाने १८९३-९४ मध्ये चौकशी केली तेव्हा मध्य प्रांतातली त्याची परवान्याची लागवड निमाडात, खांडव्याच्या भागात होत होती. पालखीच्या वाटेवर राहणारा मुलगा विचारणारच, की संताला चालते ते इतरांना का चालत नाही. परंपरेचे उत्तर सिद्ध आणि साधक या भेदावर उभे आहे: सिद्ध तो, ज्याला वस्तू बांधत नाही, आणि साधक तो, जो अजून वाटेवर आहे आणि म्हणून ज्याला नियम लागतो. हे उत्तर तर्काला पुरते पटावे असा आग्रह नाही. व्यसनी माणूसही स्वतःला सिद्धच समजत असतो, ‘मला वाटेल तेव्हा सोडीन’ हे त्याचे पालुपद असते. परंतु हा प्रश्न वर्गात उच्चारू देणे हे गांजाच्या घरावर कवटीचे चित्र काढण्यापेक्षा प्रामाणिक आहे. जे चित्र घरच्या देव्हाऱ्याशी जुळत नाही त्यावर मूल विश्वास ठेवत नाही, आणि एका बाबतीत अविश्वास बसला की ब्राउन शुगरबद्दलचा खरा इशाराही त्याच पोत्यात जातो.

दुसरी अडचण खेळाच्या स्वरूपातच आहे. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीला लीला म्हटले ते अशासाठी, की पूर्णकाम ईश्वराला कोणतेही प्रयोजन चिकटवता येत नाही. लीला म्हणजे ज्यामागे दुसरा हेतू नाही अशी कृती. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळाची व्याख्या करताना स्वेच्छा हेच त्याचे पहिले लक्षण धरले. मग ज्याचा हेतू व्यसनप्रतिबंध आहे आणि जो तासिकेत सक्तीने खेळवला जातो, त्याला खेळ कोणत्या अर्थाने म्हणावे? मुले हा फरक शिक्षकांच्या आधी ओळखतात. खेळाच्या वेष्टनात उपदेश दडवला आहे असे त्यांना कळले की ती खेळाकडेही पाठ फिरवतात आणि उपदेशाकडेही. संतांनी उलट वाट धरली होती. एकनाथांची भारुडे आणि तुकारामांचे फुगडी, हमामा, विटीदांडू यांवरचे अभंग पाहिले तर त्यांनी उपदेशासाठी खेळ बनवला नाही, मुले खेळतच होती त्या खेळात अर्थ पाहिला. फुगडी फुगडीच राहिली. वारीत आजही प्रौढ माणसे फुगडी घालतात ती कोणी धडा देतो म्हणून नव्हे.

जऊळका आणि भोवतालच्या गावांत मुलांपुढे येणारी नशा चित्रपटातल्या पांढऱ्या भुकटीची क्वचितच असते. ती गुटख्याची पुडी असते, ज्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि जी तरीही मिळते. तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, देशी दारू असते, आणि व्हाइटनर किंवा सायकलच्या ट्यूबला लावण्याचे सोल्युशन असते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक मद्य घेणारे आढळले. पण हुंगण्याच्या पदार्थांची बाब वेगळी निघाली, कारण केवळ याच एका प्रकारात मुलांचे प्रमाण प्रौढांहून अधिक, म्हणजे मुलांत १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के असे होते. पहिली पुडी अनोळखी तस्कर देत नाही. ती वर्गातला मोठा मुलगा, चुलतभाऊ किंवा पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांचा डाव मांडून बसलेले काका देतात, आणि तिच्यासोबत येणारे वाक्य धमकीचे नसून प्रेमाचे असते. म्हणून मुलाला शिकवावयाची गोष्ट पदार्थाचे रासायनिक नाव नाही. जवळच्या माणसाला नाते न तोडता नाही म्हणणे ही ती गोष्ट आहे, आणि ती तोंडाने, प्रत्यक्ष माणसापुढे, अनेकदा करून पाहावी लागते. दोन मुलांनी काका आणि पुतण्या व्हावे, काकाने आग्रहाची नवी नवी युक्ती काढावी, पुतण्याने प्रत्येक वेळी नवे उत्तर द्यावे आणि बाकीच्या मुलांनी पुतण्याला उत्तरे पुरवावीत, एवढा खेळ फाशाविना होतो.

पटच हवा असेल तर जुन्या खेळांत वाघबकरी आहे. जुन्या देवळांच्या फरसबंदीवर आणि घाटांच्या पायऱ्यांवर त्याचे पट कोरलेले आढळतात. त्यात एकटी बकरी वाघाला कधीच अडवू शकत नाही. बकऱ्या एकमेकींच्या मागे जागा रिकामी न ठेवता उभ्या राहिल्या तर वाघाला उडी मारता येत नाही आणि तो कोंडला जातो. येथे दान नाही, प्रत्येक चाल खेळाडूची आहे, आणि एका बकरीला एकटे सोडण्याची किंमत पुढच्याच चालीत कळते. त्यावर गुटख्याचे नाव लिहिण्याची गरज नाही, किंबहुना लिहू नये.

मोबाइलवरच्या खेळांबाबत मात्र वेगळा निर्णय करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगच्या विकाराला स्थान दिले आहे, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. असे असता रोज हजेरी लावल्याबद्दल नाणी देणारा, न खेळल्यास साखळी तुटल्याचे सांगून परत बोलावणारा खेळ व्यसनमुक्तीचा म्हणून मुलाच्या हाती देणे हा विरोधाभास आहे. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याला फाशांचा आवाज जसा ओढून नेतो, तशी ओढ निर्माण करणे हाच ज्याचा नियम आहे, त्याच्या पडद्यावर व्यसनाविरुद्ध कितीही घोषवाक्ये झळकली तरी हात शिकतो ते ओढीला वश होणेच.

तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत असा एखादा खेळ आला, तर शिक्षकांनी त्याच्या खोक्यावरचा संदेश वाचून तो स्वीकारू नये. आधी सातवीतल्या चार मुलांना बसवून तो एकदा पुरता खेळू द्यावा, आणि नंतर व्यसनांविषयी काय कळले असे न विचारता, डाव चालू असताना तुम्ही काय काय ठरवलेत, कोणाला मदत केलीत आणि कशापासून हात आवरलात, एवढेच विचारावे. तिन्ही प्रश्नांना मुलांजवळ उत्तर नसेल तर तो पट परत पाठवावा.